वकिलाची सनद ही अमानत आहे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाची थोरवी सांगावी अशी प्रथा आहे. ती थोरवी आपणांस ठाऊक आहे, म्हणून तर आपण आपली मुले या संस्थेत पाठविली. मी आज शिक्षणानंतरच्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. शिकून मिळविलेला अधिकार माणूस कसा वापरतो, आणि वाईट रीतीने वापरला तर तो त्याच्या हातून काढून कसा घेतला जातो, हा माझा विषय आहे. उदाहरण म्हणून मी वकिलीचा धंदा घेतला आहे. त्याला दोन कारणे आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांतील आपल्या समाजाची मुले आणि मुलीही आता वकिलीकडे वळू लागली आहेत. आणि दुसरे असे की, शेताचा बांध, वारसाची नोंद, भाडेकरू, अपघाताची भरपाई, तलाक आणि पोटगी, मशिदीची किंवा दर्ग्याची जमीन यांपैकी कशासाठी तरी ज्या घराने कोर्टाची पायरी चढलेली नाही असे घर आपल्यात विरळा.

वकील हा शब्द

प्रथम शब्दांकडे पाहा. वकील, दावा, तारीख, मुदत, जामीन, सनद, अमानत हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की तासगावच्या किंवा खटावच्या शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत. ज्याच्यावर आपण आपले काम विश्वासाने सोपवितो तो वकील. अल-वकील हे अल्लाहच्या गुणवाचक नावांपैकी एक आहे, हे आपल्या घरातील लहान मुलेही सांगतील. माणसाला जेव्हा आपण वकील म्हणतो तेव्हा किती मोठा शब्द आपण त्याला लावतो, याचा विचार त्याने आणि आपण दोघांनीही करावयास हवा. आपले पैगंबर साहेब नबुव्वत मिळण्यापूर्वीच मक्केत अल-अमीन म्हणून ओळखले जात होते. लोक आपल्या चीजवस्तू त्यांच्यापाशी ठेवीत आणि त्या जशाच्या तशा परत मिळत. अमानतीत खियानत हा आपल्या धर्माने मोठा गुन्हा मानला आहे.

आपल्या या भागाला चांगल्या वकिलाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. 1839 साली कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून दूर केले आणि काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचे वकील म्हणून विलायतेस गेले. तेथे त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली. कंपनीच्या भागीदारांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे ते महाराजांची कैफियत मांडीत राहिले. 1847 साली महाराज काशीस वारले, तरी रंगो बापूजींनी काम सोडले नाही. यश आले नाही, गादी परत मिळाली नाही. पण वकिलाने धन्याचा विश्वासघात केला असे कोणी म्हणू शकले नाही. दावा हरणे आणि दगा देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवा. पुढे याची गरज पडणार आहे.

न्यायाची परंपराही येथे आहे. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांचा जन्म 1901 साली साताऱ्याचा. यशवंतराव चव्हाणांनी 1941 साली कायद्याची पदवी घेऊन कराडास वकिली सुरू केली होती. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो, पण 1949 पर्यंत सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्याचा दक्षिण सातारा झाला आणि 1960 साली सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ही परंपरा दोन्ही जिल्ह्यांची सामाईक आहे.

सनद कोण देते, कोण काढते

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात 1827 च्या रेग्युलेशनपासून वकिलांना सनदा देण्याची पद्धत पडली. त्या काळी वकिलाला शिक्षा करण्याची सत्ता न्यायाधीशांकडे असे. स्वातंत्र्यानंतर 1961 साली ॲडव्होकेट्स ॲक्ट आला आणि ही जबाबदारी वकिलांनीच निवडून दिलेल्या बार कौन्सिलवर सोपविण्यात आली. आपल्या राज्यासाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आहे आणि तिचे कार्यालय मुंबईस आहे. सनद ती देते, वकिलाचे नाव आपल्या पटावर ती ठेवते आणि वेळ आल्यास ते नाव कमीही ती करते.

कायद्याचे 35 वे कलम यासाठी महत्त्वाचे आहे. वकिलाने व्यवसायात किंवा अन्य प्रकारे गैरवर्तन केले असे मानण्यास जागा असेल, तर कौन्सिल ते प्रकरण आपल्या शिस्तपालन समितीकडे सोपविते. या समितीत तिघेजण असतात. दोघे कौन्सिलचे सभासद आणि एक बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. समितीला साक्षीदार बोलाविण्याचे, कागद मागविण्याचे अधिकार दिवाणी कोर्टासारखे असतात. वकिलाला आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळते. त्यानंतर समिती चारपैकी एक आदेश देऊ शकते : तक्रार काढून टाकणे, वकिलाला ताकीद देणे, ठराविक काळ सनद निलंबित करणे, किंवा पटावरून नाव कायमचे कमी करणे. नाव कमी झाले की सनद परत घेतली जाते आणि भारतातील कोणत्याही कोर्टात त्याला उभे राहता येत नाही. राज्य कौन्सिलने एक वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निकालावर अपील प्रथम तिच्याकडे आणि नंतर थेट सर्वोच्च न्यायालयात. दोन्ही ठिकाणी मुदत साठ दिवसांची आहे.

येथे एक इतिहास सांगतो, म्हणजे गैरसमज नको. 1922 साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेंपल या संस्थेने महात्मा गांधींचे नाव बॅरिस्टरांच्या पटावरून काढले होते. 1988 साली ते पुन्हा दाखल करण्यात आले. तेव्हा पटावरून नाव गेलेला प्रत्येक माणूस लबाड असतो असे नाही. पण गांधीजींचे नाव गेले ते सदसद्विवेकासाठी. मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांचे गेले ते पैशासाठी.

गैरवर्तन कशाला म्हणावे

वकिलाने काय करू नये याचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले आहेत. दाव्याच्या निकालावर वाटा ठरवून फी घेऊ नये. पक्षकाराच्या पैशाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा आणि मागितल्यावर द्यावा. पक्षकाराच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. ज्या दाव्यात आपण काम पाहिले त्यातील मालमत्ता लिलावात घेऊ नये. एका बाजूचे काम घेऊन त्याच कामात विरुद्ध बाजूस उभे राहू नये. जाहिरात करून किंवा दलाल लावून कामे मिळवू नयेत. पक्षकाराचे गुपित फोडू नये. आणि गरिबाला मदत करणे हेही वकिलाचे कर्तव्य म्हणून या नियमांत लिहिलेले आहे.

आता उलट बाजू. दावा हरला म्हणजे वकिलाने गैरवर्तन केले असे होत नाही. निकाल लांबला, कोर्टाने तारखा दिल्या, वकिलाचा कायद्याचा अंदाज चुकला, यालाही गैरवर्तन म्हणत नाहीत. साधी चूक कोणाच्याही हातून होते. पण निष्काळजीपणा इतका मोठा असेल की त्यामागे बेइमानी दिसते, किंवा चूक झाकण्यासाठी खोटे बोलले गेले, तर ते गैरवर्तन ठरते.

काही निकाल

आपल्याच राज्यातील एक प्रकरण देशभर गाजले. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत. जामिनासाठी किंवा खटल्यासाठी आलेला गांजलेला माणूस दिसला की त्याच्याकडे धाव घेत, त्याच्या हातातील कागद ओढून घेत, आपसात झटापट करीत आणि एकमेकांपेक्षा कमी फी सांगत. महाराष्ट्राच्या कौन्सिलने त्यांना दोषी धरून तीन वर्षांसाठी त्यांच्या सनदा निलंबित केल्या. दिल्लीच्या समितीने मात्र त्यांना सोडून दिले. तेव्हा महाराष्ट्राची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. कौन्सिलला अपील करण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न सात न्यायमूर्तींपुढे आला आणि 1975 साली त्यांनी सांगितले की, आहे. कारण कौन्सिल ही व्यवसायाच्या शुद्धतेची राखणदार आहे. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गुणदोषांवर निकाल देताना अशा प्रकारे कामे ओढणे हे गैरवर्तनच आहे असे स्पष्ट केले. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर या नावाने हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. त्याचा अर्थ असा की, वकिलाच्या वर्तनाचा प्रश्न हे दोन माणसांतील खाजगी भांडण नव्हे. त्यात समाजाचा संबंध आहे.

दुसरे प्रकरण आपल्या शेतकऱ्यांनी ऐकावे असे आहे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात एका माणसाची जमीन सरकारने घेतली. भरपाईचे 8,118 रुपये कोर्टात जमा झाले. वकिलाने 1987 साली ते काढून घेतले आणि पक्षकाराला दिले नाहीत. तक्रार झाल्यावर आपसात मिटल्याचे बनावट प्रतिज्ञापत्र हजर केले. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली त्यांचे नाव पटावरून कायमचे कमी केले. रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान ठरला नाही. आपल्याकडे कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, चांदोली या धरणांपायी किती कुटुंबांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्यासाठी किती वर्षे गेली हे आपण जाणता. मोबदल्याचे पैसे ही विस्थापित माणसाची उरलेली जमीनच असते.

तिसरे प्रकरण महाराष्ट्रातील, 2003 च्या निकालपत्रांत छापलेले. खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या काही आरोपींचे काम एका वकिलाने घेतले. तुरुंगातील त्या अडाणी माणसांकडून कुलमुखत्यारपत्र घेतले आणि त्यांची जमीन विकून पैसे ठेवून घेतले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची ही फसवणूक सर्वोच्च न्यायालयाने अत्यंत गंभीर मानली आणि सनद कायमची काढण्याची शिक्षा कायम ठेवली.

चौथे, राजस्थानातील. एका जुन्या, पन्नास वर्षे वकिली केलेल्या गृहस्थांनी पक्षकाराला पत्र लिहिले की न्यायाधीशाला द्यावयास दहा हजार रुपये पाठवा. दिल्लीच्या कौन्सिलने प्रथम कायमची बंदी घातली, मग फेरविचारात वयाकडे पाहून नुसती ताकीद दिली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती ताकीद रद्द करून कायमची बंदी पुन्हा लागू केली. पन्नास वर्षांचा अनुभव ही सवलत नव्हे, उलट जबाबदारी अधिक, असा त्याचा बोध आहे.

आणि पाचवे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. तामिळनाडूत सत्तरी गाठलेले एक बहिरे गृहस्थ आणि एक वृद्ध बाई यांनी प्रॉमिसरी नोटांवरील वसुलीचे काम वकिलाकडे दिले. रकमा पंधरा हजार आणि पाच हजार. वकिलाने दावे नीट दाखल केलेच नाहीत आणि खोट्या तारखा सांगून त्यांना फिरवत ठेवले. राज्य कौन्सिलने सहा वर्षे निलंबन दिले, दिल्लीने ते एक वर्षावर आणले. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळाच मार्ग काढला. फसविलेल्या पक्षकाराला पैसे द्यावेत आणि निलंबनाच्या उरलेल्या काळात कांचीपुरमला गरिबांना विनामूल्य कायद्याची मदत करावी, असा आदेश झाला. शिक्षेत सुधारणेलाही जागा आहे, पण ती फसविलेल्या माणसाचे पैसे परत केल्यावाचून नाही. तौबा करणाऱ्याने आधी हक्कदाराचा हक्क परत करावा, हे आपणही मानतोच.

आपण गप्प का बसतो

या प्रकरणांतील तक्रारदार कोण आहेत पाहा. शेतकरी, कैदी, बहिरा म्हातारा, वृद्ध बाई. बडे लोक कोणी नाहीत. त्यांनी तक्रार केली म्हणून पुढच्या पक्षकारांचे रक्षण झाले. मग आपल्याकडे माणसे गप्प का बसतात? मला तीन कारणे दिसतात.

पहिले भीतीचे. वकिलाविरुद्ध वकील कोण देणार, असे लोक म्हणतात. पण तक्रार आपण स्वतः करू शकता, त्यासाठी वकील लागतोच असे नाही.

दुसरे लाजेचे. आपण अंगठा कसा दिला, कोऱ्या कागदावर सही कशी केली, हे चारचौघांत सांगावयास माणसाला संकोच वाटतो. विशेषतः विधवा आणि तलाकशुदा भगिनींना. लाज ज्याने फसविले त्याला वाटावयास हवी.

तिसरे कारण जमातीतील समेटाचे. वडीलधारी मंडळी मध्ये पडतात आणि आपसात मिटवून टाका म्हणतात. समेट ही चांगली गोष्ट आहे आणि पैसे परत मिळत असतील तर जरूर घ्यावेत. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. तक्रार मागे घेतली, तडजोड झाली, किंवा तक्रारदाराला पुढे चालविण्याची इच्छा राहिली नाही, एवढ्याच कारणाने शिस्तीची चौकशी बंद करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. कारण पैसे एकाला परत मिळाले तरी उद्या दुसरी विधवा त्याच दारात जाणार आहे. अमानत फक्त आपल्या चिठ्ठीची नाही, सनदेचीही आहे, आणि सनद त्या वकिलाला समाजाने दिलेली आहे.

काय करावे

आता पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

वकीलपत्रावर सही करताना ते वाचून घ्या, नाही तर मुलामुलीकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर सही, अंगठा कधीही देऊ नका. वकीलपत्र आणि कुलमुखत्यारपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्याने वकील कोर्टात उभा राहतो, दुसऱ्याने तो आपली जमीनही विकू शकतो.

मूळ कागद देण्यापूर्वी प्रत काढा आणि पोच घ्या. फी दिली की पावती मागा. मागण्यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

आपल्या दाव्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मागून घ्या. घरातील शिकलेले मूल मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये पुढची तारीख आणि झालेला हुकूम पाहू शकते. दावा दाखल झाला की नाही हे कळण्यासाठी आता कोणाच्या शब्दावर राहण्याचे कारण नाही. तामिळनाडूच्या त्या वृद्धांपाशी ही सोय नव्हती.

मुदतीकडे लक्ष ठेवा. उसनवारीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे, दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. निकाल लागला की त्याच आठवड्यात वकिलाला विचारा.

वकील बदलावयाचा असेल तर बदला. फी बाकी आहे म्हणून वकिलाला आपली कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे सांगितले आहे. फीसाठी ते वेगळी मागणी करू शकतात. मात्र मेहनतीची फी बुडविणे ही आपलीही खियानत होईल, हे विसरू नका.

पैसे नसतील तर सातारा आणि सांगली येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यांत विधी सेवा समित्या आहेत. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कैदी आणि कमी उत्पन्नाचे लोक यांनाही मिळतो.

आणि खरोखरच फसवणूक झाली तर बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. कोणत्या तारखेला काय झाले ते क्रमाने लिहा. वकीलपत्राची प्रत, पावत्या, बँकेचा उतारा, संदेश, कोर्टाचे हुकूम जोडा. मजकूर खरा असल्याची पडताळणी करून सही करा. विशेषणे नकोत, तारखा द्या. शिस्तपालनात गैरवर्तन पक्क्या पुराव्याने सिद्ध व्हावे लागते, कारण एका माणसाच्या पोटावर त्याचा परिणाम होतो. पैशाचा अपहार किंवा बनावट कागद असेल तर पोलिसांत फिर्याद देता येते आणि नुकसानीसाठी दिवाणी दावाही करता येतो. ग्राहक मंचाकडे मात्र जाता येणार नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला आहे. त्यामुळे बार कौन्सिलचे महत्त्व वाढले आहे, आणि कौन्सिलने तक्रारी वेळेत निकाली काढण्याची जबाबदारीही वाढली आहे. वर्षभरात निकाल द्यावा असे 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावून सांगावे लागले, यावरून काय ते समजा.

एक इशाराही देतो. विरुद्ध बाजूचा वकील हुशार निघाला म्हणून त्याच्यावर राग काढण्यासाठी तक्रार करू नका. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील अशा दोन तक्रारी रद्दबातल केल्या. एकीत वकील भगिनीने विरुद्ध पक्षाच्या प्रतिज्ञापत्रावर फक्त ओळख पटवून दिली होती. ज्याच्याशी आपले पक्षकार-वकील असे नातेच नाही त्याच्याविरुद्ध सहसा अशी तक्रार चालत नाही, असे न्यायालयाने सांगितले. खोटा आरोप हीही एक खियानत आहे.

वकील होऊ पाहणाऱ्या मुलामुलींस

आता विद्यार्थी मित्रांनो, आपणांशी बोलतो. बदरुद्दीन तय्यबजी 1867 साली मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. त्यांनी 1874 साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि 1895 साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1897 साली लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती तेच. सरकार नाराज होईल याची त्यांनी पर्वा केली नाही. वकिली, शिक्षण आणि निर्भय न्याय या तिन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदतात त्याचे हे उदाहरण आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही अनेक वर्षांची मागणी होती. आता उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी मिरजेच्या मुलाला किंवा साताऱ्याच्या मुलीला मुंबईत खोली शोधावी लागणार नाही. त्या मागणीसाठी वकिलांनी कामकाजावर बहिष्काराची आंदोलनेही केली होती. मागणी रास्त होती. पण वकिलांना संप करण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले आहे, कारण त्या दिवशी ज्याचा जामीन राहतो तो तुरुंगातच राहतो. चांगल्या हेतूनेही पक्षकाराचे नुकसान करू नये, हा धडा आपण त्यातून घ्या.

कोणीही वकील लबाडी करण्यासाठी कायदा शिकत नाही. कॉलेजातून बाहेर पडताना सारे सारखेच असतात. घसरण लहान गोष्टींनी सुरू होते. पक्षकाराचे आलेले पैसे दोन दिवस आपल्या खात्यात राहिले. घरभाडे देण्याचे होते, त्यातून दिले. पुढच्या फीतून भरू म्हटले. पुढची फी आली नाही. पक्षकार विचारू लागला तेव्हा अजून चेक आला नाही असे सांगितले. त्या एका वाक्याने तो चुकलेल्या माणसाचा खोटा माणूस होतो. मग ते खोटे झाकण्यासाठी कागद करावा लागतो, आणि लखीमपूरचे ते प्रतिज्ञापत्र तेथून जन्मते. म्हणून सुरुवातीपासून दोन वह्या ठेवा. एक आपल्या पैशाची, एक पक्षकाराच्या पैशाची. त्या वह्या एक दिवसही मिसळू देऊ नका. चूक झाली तर त्याच दिवशी पक्षकाराला सांगा. मुदत चुकली असेल तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, खोट्या तारखांना माफी नाही.

आणि वकील न होणाऱ्यांनीही हे ऐकावे. डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस, मुतवल्ली, पतपेढीचा संचालक, या साऱ्यांच्या हाती दुसऱ्याचे काही तरी सोपविलेले असते. प्रत्येकाची सनद कागदावर असेलच असे नाही, पण हिशेब प्रत्येकाला द्यावा लागतो, येथेही आणि तेथेही.

पालकांनो, आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविता. मूल वकील होऊन आले की गल्लीत पेढे वाटाल, वाटावेतच. पण त्या दिवशी त्याला जवळ बसवून एवढेच सांगा की, तुझ्याकडे पहिली बाई रडत येईल आणि आपल्या घराचा कागद तुझ्या हातात देईल, तेव्हा तो कागद आपल्या आईचा आहे असे समज. असे वकील आपल्या सातारा-सांगलीच्या कोर्टांत वाढोत, आणि शिस्तपालन समितीपुढे जाण्याची वेळ आपल्या कोणाही मुलावर न येवो, अशी मी दुआ करतो.